डाळिंब फेकण्याआधी

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. पहिल्यांदा तो पुस्तकाबद्दलचा वाटला, दुसऱ्यांदा नाही. म्हणून आधी तो माझ्या शब्दांत मांडते. माझ्या समजण्यात काही चुकत असेल तर तिथेच मला थांबवा.

खालिद हुसैनी यांची 'द काइट रनर' ही अफगाणिस्तानातली कादंबरी तुम्ही मराठी अनुवादातून वाचायला घेतली. तिचा नायक अमीर मोठेपणी पेशावरहून काबूलला जायला निघतो तिथे पुस्तक मिटलंत आणि महिनाभर ते उशाशी तसंच पडून आहे. या माणसाला लेखक आता सोडवणार हे दिसायला लागलं आणि चीड आली, असं तुम्ही म्हणता. मग चार ओळी सोडून लिहिता की सातवीत असताना सहलीचे पैसे चोरीला गेले होते. ते कोणी घेतले हे तुम्हाला ठाऊक होतं. आळ तुमच्या जिवलग मित्रावर आला आणि तुम्ही गप्प बसलात. हा मित्र तुमच्याच शेतावरच्या सालगड्याचा मुलगा. पुढच्या पाडव्याला त्याच्या वडिलांचं साल संपलं, ते कुटुंब गाव सोडून गेलं, मुलाची शाळा सुटली. आज तुम्ही ४४ वर्षांचे आहात आणि शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून त्याचा नंबर मिळालाय. तुम्ही विचारता, अमीरला माफ करावं का? आणि त्या मित्राला फोन करू का?

मी नाशिकला २१ वर्षं समुपदेशनाचं काम करते आणि महिन्यातून एकदा सटाण्याला एका वाचनकट्ट्यावर जाते. तिथे ही कादंबरी आम्ही दोन वेगवेगळ्या गटांबरोबर वाचली आहे. त्या दोन्ही अनुभवांवरून सांगते, तुमचा खरा प्रश्न या दोन प्रश्नांच्या मधे कुठेतरी अडकलाय. ज्याला दगा दिला त्याच्याकडे आता तुमचं नेमकं काय मागणं आहे? हे कळलं की फोनचा निर्णय फार अवघड नाही.

काही गोष्टी तुम्ही सांगितलेल्या नाहीत आणि माझं उत्तर त्यांच्यावर अवलंबून आहे. त्याच्या कुटुंबाचा तुमच्या घराशी आज काही व्यवहार आहे का? कोणी तुमच्या भावाकडे कामाला आहे का, उसनवारी आहे का? त्या चोरीच्या आळाबद्दल त्याच्या बायकोला, मुलांना काही माहीत आहे का? आणि तो स्वतः त्या ग्रुपमध्ये आहे, की कोणीतरी कुणाकडून तरी नंबर काढून दिलाय? ही उत्तरं मनात धरून पुढचं वाचा.

आधी अमीर. तुमची चीड मला पटते, पण तुम्ही ती चुकीच्या पानावर खर्च करताय असं वाटतं. बहुतेक वाचक १९७५ च्या हिवाळ्यातल्या त्या गल्लीपाशी थांबतात. पतंगांची स्पर्धा संपलेली आहे, शेवटचा निळा पतंग काटला गेलाय, तो आणायला हसन, अमीरच्या घरच्या नोकराचा मुलगा आणि त्याचा सवंगडी, धावलाय. असेफ आणि त्याचे दोन साथीदार त्याला गाठतात. पतंग दे आणि जा, असा सौदा असतो. हसन पतंग देत नाही. मग त्याच्यावर जो अत्याचार होतो तो अमीर कोपऱ्याआडून पाहतो आणि पळून जातो. हे भयंकर आहे, पण तो बारा वर्षांचा आहे आणि समोर तीन दांडगी मुलं आहेत. घाबरणं हा गुन्हा नाही. मी शाळांमध्ये काम केलंय. घाबरून गप्प बसलेलं मूल दर वर्गात एक तरी असतंच.

मला अमीरचा राग येतो तो पुढच्या उन्हाळ्यात. तेराव्या वाढदिवसाला वडिलांनी दिलेलं मनगटी घड्याळ आणि थोडे पैसे तो हसनच्या गादीखाली नेऊन ठेवतो आणि वडिलांना सांगतो की घड्याळ सापडत नाही. यात भीती कुठे आहे? हसन आणि त्याचे वडील अली सामान आणायला बाहेर गेले आहेत अशी वेळ त्याने बघितली आहे, जागा बघितली आहे. हसन रोज सकाळी नाश्ता मांडतो, कपड्यांना इस्त्री करतो आणि ते सगळं बघताच अमीरला ती गल्ली आठवते. ते आठवणं थांबावं म्हणून आठवण करून देणारा माणूसच घरातून घालवायचा. पहिला दगा भित्र्या मुलाचा होता. दुसरा दगा पहिल्याची साक्ष पुसण्यासाठी केलेला आहे आणि पुस्तकातला सगळा सल त्या दुसऱ्याचा आहे.

आता तुमच्या लिहिण्यातलं एक वाक्य घेते. 'नंतर मी त्याच्याशी बोलणंच टाकलं, डबाही दुसऱ्यांबरोबर खायला लागलो.' तुम्ही ते जाता जाता लिहिलंय. तुमचं घड्याळ ते आहे. वर्गात सर विचारत असताना तुम्ही गप्प बसलात ते काही मिनिटांचं होतं. पाडव्यापर्यंतचे महिने मात्र रोजचे होते आणि तुम्ही तोंड फिरवल्यावर वर्गाने काय अर्थ घेतला असेल? त्याचा सगळ्यात जवळचा दोस्तच त्याला टाळतोय, म्हणजे चोरी त्यानेच केली असणार. तुम्ही एक शब्द न बोलता साक्ष दिलीत.

हे वाचायला कडू लागेल. पण माझ्याकडे येणारी माणसं नेहमी सोपी चूक कबूल करतात आणि अवघड चूक तिच्या मागे लपवतात. 'मी घाबरलो होतो' हे म्हणता येतं. 'मला तू डोळ्यांसमोर नको होतास' हे म्हणवत नाही. माफी मागायचीच असेल तर ती कशाची मागायची हे आधी नीट ठरलेलं बरं.

आणि कशाची मागायची नाही, हेही. 'माझ्यामुळे त्याची शाळा सुटली, त्याचं आयुष्य गेलं,' असं तुम्ही लिहिलंय. हे तुम्हाला कसं कळलं? साल पाडव्याला संपतं आणि नवं साल दुसऱ्या गावात धरलं तर कुटुंब हलतं. हे आळ आला नसता तरी झालं असतं, कदाचित नसतं झालं. जाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाने १९३२ च्या आपल्या पुस्तकात मुलांना विचारलेली एक जोडगोष्ट आहे. एका मुलाच्या हातून दार उघडताना नकळत पंधरा कप फुटतात, दुसऱ्याच्या हातून चोरून जॅम काढताना एक कप फुटतो. जास्त वाईट कोण? लहान मुलं म्हणतात, पंधरा फोडणारा. मोठी होतात तसा त्यांना हेतू दिसायला लागतो. तुम्ही ४४ व्या वर्षी अजून कप मोजताय. किती फुटले हे तुम्हाला ठाऊकसुद्धा नाही आणि तरी सगळे स्वतःच्या खात्यावर मांडताय. त्यात दुःख आहे, पण थोडा मालकीचा भावही आहे. त्याचं आयुष्य बनवणारे आणि बिघडवणारे तुम्हीच, असा. तुमच्या हिश्श्याची चूक पुरेशी आहे, ती वाढवू नका.

वयाबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य आपला कायदा गुन्हा मानत नाही आणि सात ते बारा या वयात त्या मुलाला आपल्या कृत्याची समज होती का हे पाहिलं जातं. जुन्या भारतीय दंड संहितेत हे होतं, नव्या न्याय संहितेतही आहे. त्यापुढे अठरापर्यंत बाल न्यायाची वेगळी व्यवस्था आहे. म्हणजे तेरा वर्षांच्या मुलाला समज असते हे धरायचं, पण त्याला मोठ्यांच्या तराजूत तोलायचं नाही. सर्वसाधारण व्यवहारात मीही तेच धरते. तेरा वर्षांच्या त्या मुलाकडे तुम्ही जरा मायेने बघू शकता. मात्र पुढची ३१ वर्षं गप्प बसलेला माणूस मोठा होता.

आमच्याकडे दोन शब्दांची गल्लत फार होते. 'मी वाईट केलं' ही टोचणी झाली, 'मी वाईट आहे' ही लाज. जून टँग्नी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी यावर अनेक वर्षं काम केलंय आणि माझ्या खोलीतही मला तेच दिसतं. टोचणी माणसाला दुसऱ्याकडे नेते, काहीतरी भरून द्यावंसं वाटतं. लाज माणसाला लपवते, नाहीतर तिची आग दुसऱ्यावर काढते. घड्याळ ठेवणारा अमीर लाजेने वागतोय. तुम्ही अमीरवर एवढे चिडलात तेव्हा तुमच्यातही लाजच बोलत होती, असा माझा कयास आहे.

आता डाळिंबांकडे येते.

गल्लीतल्या प्रसंगानंतर काही महिन्यांनी अमीर हसनला घेऊन टेकडीवर जातो. जुनी दफनभूमी, तिथे त्यांचं लाडकं डाळिंबाचं झाड, त्याच्या खोडावर दोघांची नावं कोरलेली. अमीर एक पिकलेलं डाळिंब उचलून हसनच्या छातीवर मारतो. म्हणतो, मार मला. हसन मारत नाही. दुसरं, तिसरं, किती मारली ते त्यालाही आठवत नाही. हसन लाल रसाने भिजून जातो, गोळ्या घातल्यासारखा. अमीर ओरडतो, भित्रा म्हणतो, विनवतो की मला मार. मग हसन एक डाळिंब उचलतो, जवळ येतो, ते फोडतो आणि स्वतःच्या कपाळावर चिरडतो. झालं का समाधान, असं विचारून टेकडी उतरून जातो.

सटाण्याच्या कट्ट्यावर या पानावर आम्ही पाऊण तास होतो. तिथल्या बायका डाळिंबाच्या बागा करणाऱ्या, कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यातल्या. एकजण म्हणाली, पिकून उकललेलं फळ असं फेकलं की ते फुटतंच. पांढऱ्या कापडावर पडलं तर तो डाग जन्माचा. अमीरचे कपडे धुणारा कोण? हसनच ना? म्हणजे धुवायचेही त्यानेच. मी हे पुस्तक चार वेळा वाचलंय, पण माझ्या हे ध्यानात आलं नव्हतं. दुसरी, जिचे वडील सालदार होते, तिने एवढंच विचारलं, 'त्याने मारलं असतं तर त्या रात्री त्याच्या बापाने जेवायचं कुठे?'

हीच मेख आहे. अमीरला शिक्षा हवी आहे, कारण शिक्षा झाली की फिटंफाट होते. आणि ती शिक्षा देण्याचं कामही तो हसनलाच सांगतो. पण हसनला ना मारण्याची मुभा आहे, ना नाही म्हणण्याची. तो अल्पसंख्य हजारा जमातीतला, शिया, नोकराचा मुलगा आहे, अमीर वरचढ पश्तून जमातीतल्या मालकाचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अफगाणिस्तानचा राजा अब्दुर रहमान याच्या राजवटीत हजारांची कत्तल झाली, त्यांना गुलाम म्हणून विकलं गेलं. १९९८ च्या ऑगस्टमध्ये मझार-ए-शरीफमध्ये तालिबानने त्यांना वेचून मारलं. दोन मुलं एकाच दाईच्या दुधावर वाढली म्हणून ही उतरंड पुसली जात नाही. घड्याळ सापडतं तेव्हा अमीरचे वडील, म्हणजे बाबा, विचारतात, तू चोरलंस का? हसन हो म्हणतो. खोटं बोलून तो अमीरला वाचवतो, असं आपण वाचतो आणि गहिवरतो. मला तिथे दुसरंही दिसतं. ज्या मुलाला 'नाही' म्हणण्याची सवयच लागू दिलेली नाही, त्याच्या 'हो'चा अर्थ काय घ्यायचा?

तुमच्या मित्राबद्दल हाच प्रश्न विचारा. त्या दिवशी वर्गात त्याने 'मी घेतले नाहीत' असं किती वेळा म्हटलं? तुम्ही लिहिलंय, एकदाच. मग तो खाली बघत उभा राहिला.

म्हणून फोनचं उत्तर देण्याआधी माझी एकच कसोटी आहे. तुम्ही माफी मागितलीत आणि त्याला ती द्यायची नसेल, तर त्याला ते बिनधास्त म्हणता येईल का? त्याचा भाऊ तुमच्या शेतात असेल, गावात तुमच्या घराला अजून 'मालक' म्हणत असतील, तर तो फोनवर काय म्हणेल हे मी आत्ताच सांगते. 'अहो जाऊ द्या, लहान होतो आपण.' तुम्हाला हलकं वाटेल, आणि त्याने अजून एक डाळिंब स्वतःच्या कपाळावर फोडलेलं असेल.

या बाबतीत मी एक चूक केली आहे, ती सांगते, म्हणजे हे सगळं मी पुस्तकातून बोलत नाही हे कळेल. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पन्नाशीचे एक गृहस्थ माझ्याकडे यायचे. लहानपणी घरातली एक अंगठी त्यांनी स्वतः विकली होती आणि आळ घरी कामाला येणाऱ्या बाईच्या मुलीवर जाऊ दिला होता. माझं काम तेव्हा नवं होतं. मी म्हटलं, जा, भेटा, मन मोकळं करा. ते दिवाळीच्या पाडव्याला मिठाईचा पुडा आणि साडी घेऊन तिच्या घरी गेले आणि सगळ्यांसमोर बोलले. सासू, नवरा, मोठी झालेली मुलं, सगळे ऐकत होते. तिच्या सासरी कुणालाच यातलं काही माहीत नव्हतं. 'लहानपणी हिच्यावर चोरीचा आळ होता' एवढंच घराला कळलं. आळ खोटा होता हे वाक्य मागे राहिलं. दारापर्यंत पोचवायला आली तेव्हा ती म्हणाली, 'दादा, हे आता कशाला काढलंत?' ते माझ्याकडे आले तेव्हा त्यांना खूप मोकळं वाटत होतं. मला रात्रभर झोप आली नाही.

खरं सांगणाऱ्याला मोकळं वाटतं आणि त्याची किंमत बऱ्याचदा दुसरा कोणीतरी मोजतो. २००७ मध्ये या कादंबरीवरचा सिनेमा आला तेव्हाही असंच काहीसं झालं. अत्याचाराच्या प्रसंगामुळे त्यातल्या काबूलच्या बालकलाकारांच्या जिवाला धोका होईल म्हणून प्रदर्शन काही आठवडे पुढे ढकललं आणि मुलांना संयुक्त अरब अमिरातीत हलवावं लागलं. गोष्ट खोटी नव्हती. पण ती सांगणारे एका देशात राहत होते आणि ती ज्यांच्या अंगावर येणार ते दुसऱ्या.

थोडक्यात इथवर काय झालं: तुमची चूक गप्प बसण्याची कमी आणि तोंड फिरवण्याची जास्त आहे. त्याच्या सगळ्या आयुष्याचा हिशोब तुमच्याकडे नाही. आणि माफी मागायची की नाही, यापेक्षा ती नाकारायची सोय त्याला आहे का, हे आधी बघायचं.

तुमच्या एका तक्रारीशी मी पूर्ण सहमत आहे. लेखकाने अमीरची सोय केली आहे. अमीरला मोठेपणी परत येण्याची हाक येते तोवर हसन मेलेला आहे, तालिबानने त्याला आणि त्याच्या बायकोला गोळ्या घातल्या आहेत. अमीरला हसनच्या डोळ्यांत बघून 'मी तिथे कोपऱ्यावर होतो' हे कधीच म्हणावं लागत नाही. त्याच्या वाट्याला हसनचा मुलगा सोहराब येतो आणि मुलाला वाचवणं, कितीही मार खावा लागला तरी, बापापुढे उभं राहण्यापेक्षा सोपं आहे. पुढच्या पानांत अमीरला बेदम मार बसतो आणि तो हसतो, कारण डाळिंबाच्या झाडाखाली मागितलेली शिक्षा त्याला अखेर मिळते. त्याचा वरचा ओठ फाटतो, जिथे जन्मतः हसनचा फाटलेला होता. कादंबरी म्हणून हे बांधीव आहे, माझ्या चवीला जरा जास्तच बांधीव.

वडिलांचीही तीच गत. हसन बाबांचाच मुलगा होता, हे तुम्ही वाचलंय. बाबांनी अनाथाश्रम बांधला, उसने दिले, लोकांची पोटं भरली. बाबांचा मित्र रहीम खान अमीरला लिहिलेल्या पत्रात म्हणतो की या टोचणीतून चांगलं काम उभं राहिलं आणि खरी भरपाई तीच. मी याच्याशी निम्मीच सहमत आहे. अनाथाश्रमातल्या मुलांना जेवण मिळालं ते खरंच. पण अंगणापलीकडच्या मातीच्या झोपडीत राहणाऱ्या मुलाला 'तू माझा आहेस' हे एक वाक्य मिळालं नाही. माझ्याकडे येणारे कितीतरी जण शाळेला वर्गखोली बांधून देतात, मंदिराला फरशी बसवतात. देऊ नये असं नाही. फक्त देणगीची पावती ज्याच्या नावाने फाडायला हवी त्याच्या नावाने फाडलेली नसते.

तुमचा मित्र जिवंत आहे. कादंबरीने जो प्रसंग टाळला तो तुमच्यासमोर उभा आहे. म्हणून पुस्तक तुम्हाला पुढे सरकू देत नाहीये.

तरीही ते पुढे वाचा. तुम्ही जिथे पान मुडपलंय तिथून थोड्याच अंतरावर जलालाबादमधलं एक घर आहे, ड्रायव्हर फरीदच्या भावाचं, वहीदचं. पाहुणा म्हणून अमीरला जेवायला वाढलंय आणि घरातली मुलं टक लावून बघताहेत. अमीरला वाटतं, मुलांचं लक्ष माझ्या घड्याळाकडे आहे. तो घड्याळ काढून देऊन टाकतो. मुलांना त्याचं दोन मिनिटांत काही वाटेनासं होतं. नंतर भिंतीपलीकडचं बोलणं कानावर पडतं आणि त्याला कळतं की मुलं जेवणाकडे बघत होती. घरात होतं नव्हतं ते पाहुण्याला वाढलेलं, मुलं उपाशी. सकाळी निघण्याआधी तो नोटांचा चुरगळलेला गठ्ठा गादीखाली सारतो, २६ वर्षांपूर्वी जसा सारला होता तसा. तीच कृती, तसंच एक घड्याळ, फक्त या वेळी कुणालाही सांगायचं नाही आणि कुणाकडून काही ऐकायचं नाही. अख्ख्या पुस्तकात अमीरने केलेली भरपाई मला इथे दिसते, मारामारीत नाही. आणि लक्षात घ्या, इथेही आधी तो चुकलाच होता. समोरच्याला काय हवंय हे त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं.

आता तुमचं. फोन करू नका. फोन वाजला की समोरच्याला त्याच क्षणी उत्तर द्यावं लागतं. तो बसमध्ये असेल, कामावर असेल, शेजारी मुलगी बसलेली असेल. आणि ३१ वर्षांनी आलेल्या आवाजाला माणूस सवयीनेच 'काय म्हणता, बरं आहे ना' म्हणतो. तिथून मागे फिरता येत नाही. गाडी घेऊन दारात उभं राहू नका. शर्टपीस, पेढे, पाकीट, यातलं काही आत्ता नको. ग्रुपवर तर अजिबात काही लिहू नका, स्नेहमेळाव्यात माइक हातात आला तरी.

पत्र लिहा. कागदावर, हाताने. पहिला खर्डा पाठवायचाच नाही या हिशेबाने लिहा, तो लांब आणि रडका होईल, होऊ द्या. मग दुसरा लिहा, एका पानाचा. त्यात काय झालं ते सरळ असावं: पैसे तू घेतले नव्हतेस हे मला तेव्हाच माहीत होतं, मी बोललो नाही, आणि नंतर मी तुला टाळलं. ज्याने घेतले त्याचं नाव घालायचं की नाही, यावर थांबून विचार करा. बहुतेक वेळा नको, ती तुमची कबुली राहत नाही. मग खर्ड्यातला प्रत्येक 'पण' शोधून त्या शब्दापुढचं खोडा. 'पण मीही लहान होतो', 'पण घरचं वातावरण', सगळं. 'मला माफ कर' हे वाक्यही काढा, हे ऐकून माझ्याकडची माणसं नेहमी चमकतात. 'माझं चुकलं' लिहा, तेवढ्यात तुमचं काम होतं. 'माफ कर' म्हटलं की त्याच्यावर काम पडतं.

एक गोष्ट मात्र तुम्ही देऊ करा, कारण ती तुमच्याच हातात आहे. खोटं चारचौघांत पसरलं होतं, खरंही चारचौघांत सांगायची तुमची तयारी आहे, असं लिहा. वर्गातल्या मुलांना, तुमच्या घरच्यांना, हयात असतील तर त्या सरांना. पण त्याने सांगितलं तरच आणि तो सांगेल तेवढंच. कदाचित तो म्हणेल, माझ्या आईला येऊन सांगा. कदाचित म्हणेल, कुणाला काही सांगू नका. कदाचित काहीच म्हणणार नाही.

घरांचे व्यवहार अजून गुंतलेले असतील तर पत्रही थांबवा. आधी तो गुंता सोडवा, किंवा निदान तुमच्या हातून त्याच्या माणसांच्या पोटाला धक्का लागणार नाही याची खात्री त्याला आपसूक दिसेल असं काहीतरी करा. त्याला वर्ष लागलं तर लागू दे. एकतीस गेलीच आहेत.

उत्तराचं म्हणाल तर माझ्याकडच्या एका बाईंनी असं पत्र बालमैत्रिणीला पाठवलं होतं. आठ महिने काही नाही. मग एक दिवस मोबाइलवर एकच शब्द आला, 'वाचलं.' त्याच्यापुढे आजतागायत काही नाही. बाईंनी मला विचारलं, याचा अर्थ काय घ्यायचा? मी म्हटलं, वाचलं एवढाच.

पत्र टपालानेच पाठवा आणि पाकिटावर मागच्या बाजूला तुमचं पूर्ण नाव आणि गाव ठळक अक्षरांत लिहा. ते कोणाचं आहे हे हातात घेतल्याबरोबर त्याला दिसलं पाहिजे, म्हणजे उघडायचं की तसंच ठेवून द्यायचं हे त्याला ठरवता येईल.